बूटकाका आणि सहाव्या रिळातला जिना

मी आवाज धुते. काय काम करतेस असं कोणी विचारलं की मी एवढंच सांगते, कारण नीट समजवायला गेलं तर अर्धा तास जातो आणि ऐकणारा शेवटी 'म्हणजे गाणी म्हणतेस का?' असं विचारतोच. जुन्या चित्रपटांच्या रिळांना बुरशी लागते, चरे पडतात, आवाजात खरखर भरते. ती काढून चित्रपट डिस्कवर आणायचा, चांगल्या डब्यात घालून विकायचा, हा आमच्या छोट्या स्टुडिओचा व्यवसाय. त्यातला आवाज माझ्या वाट्याचा. या कामात मी नाकावर माशी बसू देत नाही. माझ्याकडून साफ झाला नाही असा आवाज अजून मला भेटलेला नाही, हे मी चारचौघांत सांगतेसुद्धा. नम्रपणा मला झेपत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका जुन्या थरारपटाचा दुसरा भाग आला. पहिला भाग त्या काळी धो धो चालला होता. दुसरा आला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, आणि पंधरा वर्षांनी तेच लोक 'पहिल्यापेक्षा दुसराच भारी' म्हणत फिरू लागले. पण घरी बघायला तो धड कधी मिळालाच नव्हता. डिस्क निघणार ही बातमी फुटली आणि आमचा फोन थांबेना. साहेबांनी उत्साहाच्या भरात तारीखही जाहीर करून टाकली. मला विचारायची तसदी अर्थातच घेतली नाही.

मी अडकले सहाव्या रिळात. त्यात तो प्रसिद्ध जिना आहे. नायिका लाकडी जिन्यावरून वर पळतेय, मागून खुनी सावकाश चढतोय. संगीत नाही, बोलणं नाही, नुसती पावलं. आणि त्या पावलांच्या आड कसलातरी बारीक आवाज, जेमतेम दोन सेकंदांचा. पडद्यावर नायिकेची पाठ आहे, त्यामुळे तोंड बघून काही कळायची सोय नाही. हा आवाज मुळातला असेल तर ठेवायचा, नंतर घुसलेला असेल तर काढायचा. पण सांगणार कोण? त्या चित्रपटाच्या माणसांपैकी एकच जण हयात होता, पावलं वाजवणारा.

त्या काळी चित्रीकरण करताना पावलांचा आवाज नीट मिळायचा नाही. मग नंतर एका बंद खोलीत, समोर चित्र चालू ठेवून, कोणीतरी त्या त्या पात्राचं पायताण घालून त्याच्या तालावर चालायचं आणि तो आवाज चित्राला जोडला जायचा. हे काम एका माणसानं तीस वर्षं केलं. पुरुषांची पावलं त्याची, बायकांची त्याच्या बायकोची. सगळा धंदा त्याला बूटकाका म्हणायचा.

मी बोलावल्यावर काका एका दुपारी आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काटक, आणि पायात असे बूट की जिना चढताना टाचणी पडल्याइतकाही आवाज झाला नाही. मी दचकलेच.

"घाबरलीस ना?" ते खूश होऊन म्हणाले. "मनात आणलं तर वाजतो, नाहीतर नाही."

मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि जिन्याचा प्रसंग सुरू केला. दोन सेकंदांची ती जागा आली आणि काका एकदम पुढे वाकले. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

"ही हसतेय," ते म्हणाले.

"कोण?"

"अगं, आमची ही."

मग सगळा किस्सा बाहेर आला. नायिकेच्या सँडल काकूंना दोन नंबरांनी लहान होत्या. पण काका कामात कडक. तळाचा आवाज तोच हवा, म्हणून तीच सँडल घालायची. खोलीत पाच पायऱ्यांचा लाकडी जिना ठेवलेला, त्यावर काकूंनी पळायचं, मागून काकांनी बूट वाजवत यायचं. जुळेना. कधी टाच आधी पडायची, कधी ताल चुकायचा. काकांनी तब्बल सतरा वेळा करायला लावलं.

"सतराव्या खेपेला ही फिसकन हसली. मी म्हटलं गेलं वाया. तर रेकॉर्ड करणारा म्हणतो, राहू दे, मस्त वाटतंय. थेटरात त्या जागेला लोक खुर्च्या घट्ट धरून बसायचे गं! आमच्या हिच्या हसण्याला!"

हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं.

"हा किस्सा मी घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचो," ते म्हणाले. "मी सुरू केलं की ही उठून आतच जायची. लाजायची. या चित्रपटानंतर तिनं कामच सोडलं, कंटाळा आला म्हणाली. मग बायकांची पावलंही मीच वाजवली."

काकू जाऊन तेरा वर्षं झाली होती. आणि काकांकडे त्यांचा आवाज नव्हता. फोटो होते, साड्या होत्या, औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा होत्या, पण आवाज कुठेच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी टेप फिरवली आणि घरात एकदाही फिरवली नाही, असं ते म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत होते.

"एवढाच आहे बघ तिचा आवाज. या जिन्यावरचा. वरून माझेच बूट वाजतायत मेले. तेवढे बाजूला करून देशील? एकदा स्वच्छ ऐकू दे. आणि डिस्कमध्ये पण तसंच घाल."

"त्यात काय!" मी म्हटलं. "दोन दिवसांत देते."

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले. आधी खरखर काढली. मग खुन्याचे बूट एकेक करून उचलले, मग सँडलच्या टाचा. चार तास लागले. काम सुरेख झालं होतं, स्वतःची पाठ थोपटून घ्यावी असं. मी डोळे मिटून ऐकलं.

ते हसू नव्हतं.

दम लागलेला होता, नाक ओढल्याचा आवाज होता, आणि त्यानंतर अगदी हळू, दाबून, एक शब्द होता. 'पुरे.' मग पुन्हा नाक ओढलं. बाई रडत होती. बुटांच्या आवाजाखाली तेवढं दबून गेलं होतं आणि वर जे उरलं होतं ते फिसकन हसल्यासारखं लागत होतं. मी पुन्हा ऐकलं, दहा वेळा ऐकलं, हसू सापडतंय का म्हणून. माझ्या कानांचा मला तेवढा राग कधी आला नव्हता.

काकांचाही राग आला. शेजारी बायको रडतेय आणि या माणसाला ताल ऐकू येतो! लोकांना मात्र कळलं होतं. थेटरातल्या अनोळखी माणसांनी खुर्च्या धरल्या त्या उगाच नाही.

पण मग मला हेडफोन दाबून धरलेले त्यांचे ते हात आठवले. तेरा वर्षं एकटं राहिलेल्या म्हाताऱ्याला मी काय देणार होते? त्याच्या घरात काकूंचा एकच आवाज जाणार होता, आणि तो 'पुरे' म्हणणार होता. जिच्याजवळ माफी मागायची तीच आता नाही. मी जागेवरून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. शेवटी साफ केलेला तुकडा पुसून टाकला आणि मूळचा होता तसा, खरखरीसकट, बुटांसकट, डिस्कच्या प्रतीत ठेवला.

साहेबांना सांगितलं की तो आवाज मुळातलाच आहे, जिन्यावरच्या बाईचा हुंदका आहे. ते खरंच होतं. मग काकांना फोन लावला.

"काका, ते साफ होत नाहीये."

"नाही? अगं, तू तर म्हणालीस त्यात काय!"

"नाही जमत मला."



"एवढी यंत्रं घेऊन बसलात," काका म्हणाले, "आणि चार बूट बाजूला होत नाहीत. असू दे. तुझं वय तरी काय आहे. शिकशील हळूहळू."

मी ऐकून घेतलं. असलं बोलणं मी दुसऱ्या कोणाचं ऐकून घेतलं नसतं.

डिस्क ठरल्या तारखेला निघाली. लोकांनी चित्राचं कौतुक केलं, डब्याचं केलं, आतल्या पुस्तिकेचंही केलं. आणि एका शहाण्यानं लिहिलं की जिन्याच्या प्रसंगात आवाज मळका राहिलाय, कामात हयगय दिसते. साहेबांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढच्या चित्रपटाचं काम दुसऱ्या कोणाला तरी दिलं.

रविवारी सकाळी मी एक डिस्क आणि माझ्या घरचा प्लेअर घेऊन काकांकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एक भिंत नुसती बुटांची. कप्प्यांवर चिठ्ठ्या डकवलेल्या: पोलीस, म्हातारा, श्रीमंत माणूस, खुनी. खालचे दोन कप्पे रिकामे होते. ते बायकांचे, काका म्हणाले. घरात बसायला एकच खुर्ची होती. मला ती देऊन ते पलंगाच्या कडेवर बसले. शेजारच्या घरातलं भांड्यांचं वाजणं इकडे स्पष्ट ऐकू येत होतं.

त्यांना चित्रपट बघायचा नव्हता. मी प्लेअर त्यांच्या टीव्हीला जोडला आणि थेट जिन्यावर नेलं. टाचा वाजल्या, बूट वाजले.

"आता बघ हं, आता बघ," काका म्हणाले. आणि ती जागा आली तसे ते मांडीवर थाप मारून हसले. अगदी तोंड भरून हसले. "ऐकलंस? फिसकन! तेरा वर्षांनी हसली बघ घरात!"

मला आता बुटांच्या आडूनही ऐकू येत होतं. एकदा ऐकलेलं न ऐकल्यासारखं करता येत नाही. त्यांना मात्र खरोखर ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता.

"छान आहे हो काकूंचं हसू," मी म्हटलं.

"आहेच मुळी." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि पडद्याजवळ सरकून बसले. "अजून एकदा लाव."

मी लावलं.