बेल-भंडारा मी उचलला, डोंगर बाई चढल्या

राधानगरीच्या रानातले गवे, धुकं आणि नाचणीची भाकरी यांच्याविषयी मी आजवर पुष्कळ लिहिलं. तिथल्या धनगरवाड्यावर पहिल्यांदा कशासाठी गेलो, ते मात्र टाळत आलो. आता नर्स शेवंताबाई हयात नाहीत आणि मलाही ऐंशी उलटली.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला मी आरोग्य खात्यात होतो. देवीची लस टोचायला बाई आणि मी कोल्हापुराहून जीपने निघालो. रस्ता संपला तिथे जीपही थांबली. पुढे डोंगर चढताना माझ्या पोटरीला जळवा लागल्या. मी बोंब मारली, तशा बाई जळवांवर तंबाखू चोळत म्हणाल्या, "साहेब, रक्त सरकारीच न्हवं? जाऊ दे की."

वाड्यावर माणसं कमी, म्हशी जास्त. बाई बाहेर चुलीवर सुया उकळत बसल्या. आत म्हातारे धोंडीबा मला म्हणाले, "पावणं (पाहुणे), तुमचं सरकार येतंय, टोचतंय, जातंय. पोरगं तापानं फणफणलं तर बघायचं कुणी? म्हशीनं?"

"बाई येतील."

"कवा?"

"दर रविवारी."

"मग उचला बेल-भंडारा."

बेलाचं पान आणि देवाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द इकडे कुणी मोडत नाही. सरकारी नियमात वाड्यावर वर्षातून एकच फेरी होती. पण मला अंधाराआधी खाली पोचायचं होतं. उचलला, तोही बाईंच्या नावानं. सगळा वाडा दंड उघडे करून रांगेत उभा राहिला.

उतरताना बाईंना सांगितलं.

"रविवारी माझी सुट्टी असती, साहेब."

"अहो, कोण बघायला बसलंय?"

"भंडारा बसलाय की."

महिन्याभरात मी खटपट करून कोल्हापूरच्या कचेरीत टेबल मिळवलं.

बऱ्याच वर्षांनी, मनाला फार टोचू लागलं तेव्हा, पेढ्यांचा पुडा घेऊन एसटीने निघालो. मुद्दाम रविवार निवडला. बाई वाड्यावरच होत्या, एका बाळंतिणीपाशी. शेजारी काठी.

"बाईंनी वार चुकवला न्हाय," धोंडीबा म्हणाले. "वढ्याला पूर आला की म्हशीचं शेपूट धरून येत्यात."

बाई हसल्या. "भंडारा तुम्ही उचललासा, गुडघं माझं गेलं."

बोलायचं ते याच क्षणी बोलायचं होतं.

"बाई..."

"काय?"

"ताक आहे का?"

ताक आलं. दोन पेले प्यालो. बाईंनी पेढे पोरांना वाटून टाकले आणि मी डोंगर उतरलो.

परतीच्या एसटीत वाटभर तेच वाक्य जुळवत होतो. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरताना ते एकदाचं तोंडातून बाहेर पडलं, "चुकलो. माफ करा."

दारातल्या कंडक्टरला वाटलं, मी त्याच्या पायावर पाय दिला.

"असू द्या की पावणं," तो म्हणाला. "उतरा आधी."