एकाच नावाचे दोन पाव्हणे

दुष्काळात आमच्या टीचर्स रूममधला माठ दुपारीच आटायचा, किस्से मात्र आटायचे नाहीत! लातूर नुकताच जिल्हा झाला होता. साहेब नवे, पाट्या नव्या, पाणी तेवढं नव्हतं.

निम्मे किस्से मठपती सरांचे. सर उदगीरजवळच्या खेड्यातले, इंग्रजी शिकवायचे. एकाच उच्चाराच्या शब्दांचा त्यांना भारी नाद. म्हणायचे, "दोन पाव्हण्यांचं नाव शिवराज असलं म्हणून ते भाऊ होत नाहीत. एक निलंग्याचा, एक किनवटचा. तसंच हे! नाव एक, घराणी दोन."

* * *

एकदा हेडमास्तर घाईत आले. "सर, चाचणीची डेट सांगा."

सर सुरू! "तारखेची डेट लॅटिनमधली, खजुराची ग्रीकमधली. खजुराच्या डेटचा मूळ अर्थ बोट."

"मग त्याच बोटानं कॅलेंडरवर दाखवा की!"

* * *

विज्ञानाच्या शेख सरांची बदली झाली, संस्थेच्या किनवटच्या शाळेत. ते कळवळून म्हणाले, "आय कॅनॉट बेअर इट!"

मठपती सर लगेच सरसावले. "सहन करण्याचं बेअर वेगळं बरं का. अस्वलाचं मूळ तपकिरी रंगात..."

"मियाँ, किनवटच्या जंगलात अस्वल अंगावर आलं की त्याला सांगतो हे!"

* * *

दहावीच्या वर्गात सर बोअर शब्द शिकवत होते. "भोक पाडायचं बोअर जुन्या इंग्रजीतलं. कंटाळ्याच्या बोअरचं मूळ कुणालाच सापडलं नाही." मग हसून विचारलं, "इज माय लेसन अ बोअर?"

मागच्या बाकावरची पोरगी उभी राहिली.

"हाव सर. लई खोल गेलाव, पन पानी न्हाई लागलं!"

* * *

एक दिवस सरांच्या गावचे सरपंच, बसवंतअप्पा, आले. विहीर कोरडी पडलेली, टँकर पाहिजे होता. नव्या साहेबाला अर्ज इंग्रजीत द्यावा म्हणून सरांकडे आलेले.

सरांनी कागद घेतला, वेल हा शब्द लिहिला आणि पेन थांबला. "अप्पा, गंमत बघा. विहिरीचं वेल म्हणजे उसळून वर येणारं. बरं असण्याचं वेल म्हणजे मनासारखं असणारं..."

अप्पांची एसटी निघायची वेळ झाली. "ऱ्हाऊ द्या सर. म्या लिहितो." आणि त्यांनी स्वतःच लिहून दिलं : "व्हिलेज नो वेल. कम सून."

साहेबाला वाटलं, गाव आजारी आहे. चौथ्या दिवशी गावात जीप आली. टँकर नव्हे, डॉक्टर!

त्या दिवशी मठपती सर गावातच होते. डॉक्टरांच्या हातातला अप्पांचा अर्ज त्यांनी ओळखला आणि ते हळूच गर्दीच्या मागं सरकले. डॉक्टरांनी पारावर बसून सगळ्यांना तपासलं. रांगेत सत्तरीच्या गंगाबाई होत्या, सकाळपासून रिकाम्या घागरीसह फिरलेल्या. डॉक्टरांनी त्यांच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या.

"आजी, जेवल्यावर घ्या. पाणी भरपूर प्या."

गंगाबाईंनी गोळ्यांकडं पाहिलं, मग जीपकडं पाहिलं.

"हाव. घेते की, लेकरा. पानी कुठं ठिवलंस?"