दारात आणून उभं कर

माझ्या लग्नासाठी ठेवलेलं सोनं मोडून मी विमान घेतलं, ही गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात आणि सांगणारा प्रत्येक जण ती चुकीची सांगतो. कोणी म्हणतं, सोनं चोरलं. कोणी म्हणतं, विमान सरकारचं होतं. म्हणून एकदा लिहून टाकते. सोनं माझं होतं, आजीने माझ्या नावाने ठेवलेलं. ते मोडायला सराफाकडे आई माझ्याबरोबर आली होती, हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कितीतरी वर्षांनी कळलं.

आमचं गाव अलिबागच्या खाली, समुद्राला लागून. घरची खाजणातली, म्हणजे खारं पाणी बांधाने अडवून केलेली, भातशेती होती. शिकायला मी मुंबईला मामाकडे होते. मामा जुहूला एका फ्लाइंग क्लबात फिटर होता. सुट्टीच्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन जायची आणि डबा पोचला तरी परतायची नाही. आधी विमानं पुसली, मग मामाला पाने-पक्कड दिले, मग उडायला शिकवणाऱ्या एका मास्तरांनी चिडून की कौतुकाने कोण जाणे, मला विमानात बसवलं. दोन वर्षांनी माझ्या हातात लायसन होतं. घरी कळलं तेव्हा माझे एकटीने आभाळात किती तरी तास काढून झाले होते.

स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली आणि काठेवाडातल्या एका छोट्या राजाला आपलं जुनं विमान जड झालं. मामाने बातमी आणली. दोन जागा, एकामागे एक, वरून उघड्या. ब्रेक नाहीत. पण त्याची एक गंमत होती: त्याचे पंख मागे मिटायचे. मिटले की ते पेंढ्याने भरलेल्या बैलगाडीएवढं रुंद. मी दिवाळीला घरी आले ती हीच बातमी घेऊन.

आबांनी माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. माघातल्या पंचमीला पाहुणे सुपारी फोडायला येणार, हेही ठरलेलं. मला फक्त सांगायचं बाकी होतं. मी विमानाचं बोलले तर ते ताटावरून न उठता हसले. तेच मला झोंबलं. रागावले असते तर चाललं असतं.

"बैल घेतला तर दारात बांधता येतो," ते म्हणाले. "गाडी घेतली तर दारात उभी रहाते. तुझं ह्ये इमान दारात आणून उभं कर, मग मी पाव्हण्यांना न्हाय म्हणून कळवतो."

"पंचमीच्या आधी?"

"पंचमीच्या आधी."

"शब्द दिलात हां, आबा."

"दिला. तुझ्या आईच्या समोर दिला." आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

माझ्या अंगात आबांचीच खोड होती, हे ते विसरले. मी मामाला घेऊन काठेवाड गाठलं. मामाने इंजिन खोललं, तपासलं, पुन्हा जोडलं आणि म्हणाला, "म्हातारं आहे, पण दमेकरी नाही." खंभातच्या आखातावरून ते मी जुहूपर्यंत आणलं. खाली नुसतं पाणी असताना प्रत्येक आवाज मला बिघाडाचा वाटत होता. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण परत फिरावंसं एकदाही वाटलं नाही.

आता उरला शेवटचा टप्पा, जुहू ते गाव. उतरायचं आमच्या पुळणीवर, ओल्या कडक वाळूत, जिथे बैलगाड्यांच्या शर्यती होतात. परवानगीचा कागद मिळवायला चपला झिजवल्या, तोही मिळाला. वेळ मी आबांच्याच हिशोबाने काढली. आमच्याकडे भरतीला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तृतीया म्हणजे सव्वादोनची भरती, आणि तिच्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, सकाळी साडेआठला, पुरती सुकती, म्हणजे ओहोटी. अमावास्या नुकतीच झालेली, तेव्हा पाणी लांब आत जाणार. मी आईला पत्र टाकलं: तृतीयेला साडेआठला येते, वाळू मोकळी ठेवा.

तृतीयेला जुहूवर धुकं पडलं. साडेआठ झाले, नऊ झाले. मामाने पंखा हाताने फिरवून दिला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. मांडव्याची जेट्टी ओलांडली आणि मला दिसलं की पाणी फिरलंय. पुढे आमची पुळण आली. मी खाली पाहिलं आणि तोंडातून जी शिवी गेली ती इथे लिहीत नाही.

गावाने तोरण बांधलं होतं. वाळूच्या बरोब्बर मधोमध, दोन उंच बांबू, त्यांना केळीचे खांब, वर आंब्याच्या पानांची आणि झेंडूची माळ. गावची लेक पहिल्यांदा विमान घेऊन येते, ती काय तोरणाशिवाय येईल? शर्यतीतल्या विजयी जोडीलासुद्धा आम्ही तोरणाखालून नेतो. त्यांच्या हिशोबाने मी वरून यायचं, उतरायचं आणि ऐटीत त्याखालून जायचं. वाळू मोकळी ठेवा म्हटलं तर माणसं खरंच दोन्ही बाजूंना शिस्तीत बसली होती. फक्त तोरणाला कोणी अडथळा मानलंच नाही. ते शुभ असतं ना!

मी खाली येऊन हात हलवला, बाजूला करा म्हणून. सगळ्यांनी हात हलवले. मी पुन्हा आले, तोरणाकडे बोट दाखवलं. लोकांनी गुलाल उधळला. तिसऱ्यांदा मी ओरडले, पण इंजिनापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. तोवर पाणी वाळू गिळत चाललं होतं. मागे फिरून जुहूला जाण्याएवढं पेट्रोल होतं. पण फिरले असते तर उद्याचा दिवस सामानसुमान, परवापर्यंत पाहुणे दारात, आणि "आली होती पण उतरता नाही आलं" हे वाक्य जन्मभर. नाही म्हणजे नाही. मी चौथी फेरी घेतली.

तेव्हा बांधावर एकटा उभा असलेला माणूस दिसला. खाजणाचा बांध, त्यावर आबा, पाठ माझ्याकडे. आयुष्यभर त्यांनी त्या बांधावरून पाणी पाहिलं होतं. त्या दिवशीही ते माझ्याकडे नाही, पाण्याकडेच पाहत होते. मग त्यांनी मान वळवली. पाणी, तोरण, मी. आणि ते धावले. साठीला टेकलेला माणूस, कंबरेचा कोयता उपसून, गर्दीतून धावत. पहिला बांबू त्यांनी दोन घावांत आडवा केला. गावकरी हां हां करत आडवे आले असणार, कारण आबांनी एकाला ढकललेलं मला वरून दिसलं. दुसरा बांबूही पडला. मग त्यांनी ती सगळी माळ, केळीचे खांब, फरफटत पाण्याकडे ओढले.

मी उतरले. चाकं वाळूला लागली, एकदा उसळली, मग विमान धावत राहिलं, धावत राहिलं आणि आबांनी तोरण काढलं त्या जागेच्याही पुढे जाऊन थांबलं. उजव्या चाकाला लाट लागली होती.

आबा धापा टाकत आले. हात रक्ताळलेले, धोतर भिजलेलं.

"ही पुळण हाय," ते म्हणाले. "मी दारात म्हनलो व्हतो."

मी उडी मारली आणि पंखांच्या खिळ्या काढल्या. एक पंख मागे मिटला, मग दुसरा. मी ओरडले, "शर्यतीची जोडी आणा!" बैल जुंपले, शेपटाकडून ओढलं. नारळाच्या वाडीतल्या त्याच पाणंदीने, जिथून पेंढ्याच्या गाड्या येतात, माझं विमान उलटं चालत घरी आलं. वाटेत एका कुंपणाचा निवडुंग मोडला, त्याची बोलणी मी वर्षभर खाल्ली. आईने अंगणात पाणी ओवाळून टाकलं. तिच्या हातात फक्त काचेच्या बांगड्या होत्या. सराफाकडे स्वतःच्या पाटल्याही तिने गुपचूप माझ्या सोन्यात घातल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

आबा ओटीवर बसले. विमान अंगणभर होतं. तुळशीपासून गोठ्यापर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती.

"ह्या अंगणात तुझ्या लग्नाचा मांडव घालायचा व्हता," ते म्हणाले. "आता कुठं घालू?"

"घालू नका."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मीही डोळे खाली केले नाहीत. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचं नाही असं मी काठेवाडातूनच ठरवून आले होते. मग ते उठले, पंच्याने हात पुसले आणि गोठ्यापाशी उभ्या गड्यांवर खेकसले, "बघता काय? चाकांना दगड लावा. दुपारचा वारा सुटेल. आनि एक जण अलिबागला जा, पाव्हण्यांना तार करायची हाय."