बॉनेटवरची पाच बोटं

थिनरचा वास आला की मले तो बिनवासाचा रंग आठवते आणि तोंड कडू होते. मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुरखेड्याच्या गॅरेजात माझ्या जीपवर आपला नवा रंग दाखवायले कंपनीचा एक माणूस आला होता. थिनर नाई, वास नाई, पाण्यात कालवायचा पॉलियुरेथेन रंग, विदेशात हाच चालते, तासाभरात वाळते, असं सांगत तो कोंबड्यावानी मान ताठ करून फिरत होता. बाहेर पावसाची झड लागली होती, भिंतीसुद्धा ओल्या होत्या. असल्या हवेत पाण्याचा रंग कसा वाळन, एवढी अक्कल त्या शहाण्याले नव्हती. दसऱ्याच्या सकाळी माझ्या बायकोनं गॅरेजातच पूजेत बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं ओढली आणि ती ओल्या रंगात रुतून बसली. "अडाणी बाई! सगळा रंग नासवला!" तो ओरडला. ती म्हणाली, "दसऱ्याले गाडी नाई पुजू तं काय तुमचा डबा पुजू, भाऊ? तासात वाळते म्हणे!" सारं गॅरेज हसलं. तो घासून देतो म्हणाला. मी त्याले हाकलून दिलं. यंदा पूजेले बायको नाई, ती वारली. पोरगा म्हणते, गाडी नवीन रंगवू. रंग भिकारच होता, पण त्या बॉनेटले मी कोणाले हात लावू देत नाई.