लीलाबाईचा ल

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. दर बुधवारी खजरान्याच्या गणपतीला जाते, सुनेपासून गुडघ्यापर्यंत सगळं त्याच्या कानावर घालते — एवढं सोडून. तुम्हाला सांगते आहे, कारण सोमवारी ते जिचं आहे तिच्या हाती द्यायचंय, आणि त्याआधी माझा धीर टिकतो का ते बघायचंय.

मी इंदूरच्या एका सरकारी शाळेत जन्मभर शिकवलं. मुलींच्या शिक्षणावर महिला मंडळांत भाषणं ठोकली, शाल-श्रीफळं घेतली. लोक माझ्याबद्दल म्हणतात, नलिनीताईंसारखी तळमळ दुसऱ्या कुणात नाही — जाऊ द्या. लोकांना काय माहीत?

सतरा वर्षांपूर्वी साक्षरता मोहीम आली. प्रत्येक शिक्षिकेला वीस बायका आणि तीन महिने. माझ्या वाट्याला परदेशीपुरा आला, आणि त्यात लीलाबाई. शेव-नमकीनच्या कारखान्यात पाकिटं भरायची, तेलकट हात पदराला पुसून पाटी धरायची. नवरा नव्हता; घरात शब्द मोठ्या दिराचा. तिची मुलगी संजना माझ्याच वर्गात, सातवीत. लीलाबाईला वाचायचं होतं. मला? मला यादी पूर्ण करायची होती. वाचायला शिकवणं म्हणजे चिकाटीचं काम. सही गिरवून घ्यायला आठ दिवस पुरतात. मी विसांच्या विसांना सही शिकवली, नावापुढे ‘साक्षर’ लिहिलं आणि मोकळी झाले.

एक बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवा. आमचं घर पिढ्यानपिढ्या इंदूरचं, पण अक्षर मराठी. माझा ल दोन पाकळ्यांचा. इथल्या हिंदी शाळांतला उभ्या दांडीचा. लीलाबाईनं माझाच उचलला. तिच्या नावात तो दोनदा येतो.

दिवाळीनंतर शाळेच्या ऑफिसात अर्ज आला — संजनाचं नाव काढून टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, द्यावा. घेऊन आला होता तो मोठा दीर, लीलाबाई नव्हती. खाली तिची सही मात्र होती. अंगठा असता तर तिला बोलावून अर्ज वाचून दाखवावा लागला असता, आमच्याकडे तशी रीतच होती. सही होती, म्हणून कुणी काही विचारलं नाही. वर्गशिक्षिका म्हणून माझीही सही हवी होती. बाबू हसून म्हणाला, “मैडम, ये ल तो बिलकुल आपके वाला है.”

तिला त्यातला एक शब्द वाचता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण बोलले असते तर विसांची यादी खोटी ठरली असती, आणि त्या वर्षी माझं नाव बढतीसाठी गेलं होतं. “होगा, भिया,” म्हणाले आणि सही ठोकली.

थांबा — याहून वाईट पुढे आहे.

आठ दिवसांनी लीलाबाई शाळेच्या फाटकाशी आली. “मैडमजी, संजना दिवाली पे बुआ के यहाँ मानपुर गई है. आ जाएगी. नाम मत काटना. वजीफे के फारम पे तो मैंने खुद दस्तखत करी है.” दिरानं तिला शिष्यवृत्तीचा फॉर्म म्हणून सांगितलं होतं तर! आणि हे सांगताना तिचा चेहरा — काय सांगू — अभिमानानं फुलला होता. तेव्हा खरं बोलले असते तर नाव परत चढलं असतं. एका अर्जाचं काम. मी म्हटलं, “देखते हैं.” आणि वर्गाकडे वळले.

संजना परत आली नाही. मानपुरला हायवेवर आत्याच्या ढाब्यात तिनं रोट्या लाटल्या, मग वय पुरं व्हायच्या आत लग्न. लीलाबाईला वाटतं, गैरहजेरीमुळे नाव कटलं. दिवाळीला मीच पाठवलं, मीच पोरीची शाळा घालवली, असं ती आजही म्हणते. माझ्यासमोर म्हणाली आहे. मी मूग गिळून ऐकलं आहे.

सगळ्यांनीच तशा याद्या भरल्या होत्या, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं समजावलं. पण सगळ्यांच्या वर्गात संजना नव्हती.

निवृत्तीनंतर परदेशीपुऱ्यात एका खोलीत बायकांचा वर्ग घेते. आधी वाचन; सही सगळ्यांत शेवटी. यानं काही फिटत नाही, हे मला कळतं. गेल्या वर्षी तिथे लीलाबाई आली. संजनाची मुलगी शाळेसाठी तिच्याकडे राहते. “दस्तखत तो आती है, मैडमजी,” म्हणाली, “अब पढ़ना सिखाओ. इसके कागज पे मैं पढ़के ही दस्तखत करूँगी.” आता ती शब्दाखाली बोट धरून वाचते. अडखळते, पण सोडत नाही.

काल मी तिच्यासाठी एक कागद लिहिला. हिंदीत, ठळक अक्षरांत, जोडाक्षरं टाळून — ती तिला अजून जड जातात. पहिली ओळ आहे, ‘संजना का नाम तुमने नहीं कटवाया.’ कुणी कटवलं, कुणाला माहीत होतं, कोण गप्प बसलं, ते पुढच्या ओळींत आहे. सोमवारी तो तिच्यासमोर ठेवणार. वाचून दाखवणार नाही. तिला लागेल तेवढा वेळ लागू दे, मी समोर बसून राहीन.

खाली माझी सही आहे. त्यातला ल ती ओळखेल.