बटाट्याचे चतकोर

नात चार दिवस नीट जेवत नव्हती आणि लेक परत कधी जाणार ते सांगत नव्हती. गेल्या वर्षी या दोन गोष्टींनी माझा जीव टांगणीला लागला होता. पहिली निदान बोलून दाखवता येत होती, म्हणून मी दिवसभर तिच्यावरच बोलत होते.

लेक दहा वर्षांपूर्वी शिकायला म्हणून उत्तर आयर्लंडला गेली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं आणि तिथलीच झाली. तर ती अचानक सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दुबईत आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरी आली. तेही पोरीची शाळा चालू असताना. मी एअरपोर्टवरच विचारलं, "किती दिवस आहेस?" तर म्हणे, "आल्या आल्या काय गं आई!" मग हळूहळू एकेक कळत गेलं. जावयानं शहरातलं भाड्याचं घर सोडून आपल्या आईवडिलांच्या गावी, शेतावर राहायला जायचं ठरवलं होतं. घरमालकाला तसं कळवून टाकलं आणि मग हिला सांगितलं. आधी घरमालकाला, मग बायकोला! माझं डोकंच फिरलं. तिकीट फक्त यायचं काढलंय, हे मी तिच्याकडून वदवून घेतलं. त्यावर तिनं बजावलं, "त्याला कुणी फोन करायचा नाही. मला विचार करू दे."

आमचे हे रुवैसला रिफायनरीत असतात, वीकेंडला घरी येतात. फोनवर मला म्हणाले, "हे बघ, आपण मध्ये पडायचं नाही. होईल सगळं नीट, इन्शाल्ला." यांचं बरं आहे. तीन तासांवर बसून मध्ये न पडणं सोपं असतं. मी ऑफिसातून रजा घेतली होती आणि घरात मला पाच मिनिटं एका जागी बसवत नव्हतं. उगाच फ्रीज उघडायचा, बंद करायचा. धुतलेली भांडी परत धुवायची. लेकीच्या खोलीच्या दारापर्यंत जायचं आणि आवाज न करता मागे फिरायचं. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे मी दिवसातून तीनदा उलटे करत होते. इथल्या उन्हात कपडे उलटे करायला लागतात होय!

नातीसमोर वरणभात ठेवला, घावन ठेवलं, शिरा ठेवला. प्रत्येक वेळी तिचं एकच उत्तर, "नो थँक यू, आजी." पोर हट्ट करती, ताट ढकलती तर बरं वाटलं असतं. ते थँक यू मला फार लागायचं. शेवटी तिनंच सांगितलं, "आय वॉन्ट पोटॅटो ब्रेड."

हात्तिच्या! एवढंच ना? मी मिरची न घालता मऊसूत आलू पराठा केला, वर लोणी. तिनं तो बोटांनी उकलून आत बघितलं आणि म्हणाली, "आजी, देअर इज समथिंग इनसाइड." बटाटा आत नको होता. भाकरीच बटाट्याची हवी होती.

लेकीला विचारलं, तर ती कुशीवर पडल्या पडल्याच म्हणाली, "मला नाही येत. रविवारी तो करायचा." आणि भिंतीकडे वळली.

मग मी इंटरनेटवर बघून करायला घेतली. खाली ग्रोसरीत गेले, बटाटे आयर्लंडचे आहेत का विचारलं. केरळचा माणूस तो, माझ्याकडे बघतच राहिला. "बाबी, इजिप्त का है, लेबनॉन का है. आयर्लंड का कौन खाता है इधर?" इजिप्तचे घेतले. कुकरला लावले, तीन शिट्ट्या काढल्या, कुस्करून मैदा घातला, छान गोळा मळला आणि ओलं फडकं झाकून अर्धा तास ठेवून दिला. कणीक मळली की मुरायला ठेवायची, हे हाताला विचारावंच लागत नाही. अर्ध्या तासानं फडकं काढलं, तर गोळ्याला पाणी सुटलेलं. पोळपाटाला चिकटला, लाटण्याला चिकटला. मी मैदा घालतेय, तो पितोय, परत घालतेय. तव्यावरून जे उतरलं, ते चपलेला तळ लावण्याच्या लायकीचं होतं. नातीनं एक तुकडा चावला, चावला, आणि हळूच टिश्यूत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक पोरीला घेऊन जवळच्या मॉलमध्ये गेली. दोन तास तरी लागतील म्हणाली. दार लागलं आणि मी फोन हातात घेतला. खोटं कशाला बोलू, भाकरी हे निमित्त होतं. मला त्या माणसाला चार शब्द सुनावायचे होते. काय काय म्हणायचं ते इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं, अगदी पहिल्या वाक्यापासून. इथे नेहमीच्या अ‍ॅपवरून कॉल लागत नाही, म्हणून ऑफिसच्या मीटिंगचं अ‍ॅप उघडलं आणि त्याला लिंक पाठवली. मीटिंगचा विषय काय लिहावा सुचेना. 'पोटॅटो' लिहिलं.

मिनिटाच्या आत जावई समोर हजर. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, मागे भिंतीला लावून अर्धवट भरलेली खोकी. "आई, कशा आहात?" हे त्याचं एक वाक्य लग्नाच्या वेळी पाठ करून घेतलेलं, ते त्यानं म्हटलं. माझी सगळी जुळवाजुळव पार कोलमडली. मी म्हणाले, "पोटॅटो ब्रेड. हाऊ?"

फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. तो म्हणाला, कुकर नको, उघड्या पातेल्यात शिजवा. पाणी काढून टाका आणि रिकाम्या पातेल्यात बारीक आचेवर बटाटे कोरडे होऊ द्या. कुस्करायला माझं पुरणयंत्र दाखवलं, तर एकदम खूश झाला. गरम गरम बटाट्यातच लोणी आणि मीठ घातलं. मैदा किती, विचारलं, तर म्हणाला, गोळा धरून राहील इतकाच. मी सवयीनं फडकं ओलं करायला गेले.

"नो, नो, आई! डोन्ट वेट!"

थांबायचं नाहीच म्हणे. गरम आहे तोवर लाटायचं. गार झाला की पाणी सुटतं आणि सगळं बिघडतं. इतकी वर्षं मी पिठाला थांबायला लावत आले, आणि हे पीठ माझ्यासाठी थांबायला तयार नव्हतं. लाटलं, जाडसर. मग तो म्हणाला, आता मध्ये अधिक चिन्हासारखं कापा. चौथ्या भागाला तिकडे फार्ल म्हणतात. मी म्हटलं, अरे, मग हे आमचं चतकोर. "चटकोर," तो म्हणाला. मला हसू आलं. हसल्यावर स्वतःचाच राग आला. भांडायला फोन केला होता ना बाई तू?

कोरड्या तव्यावर पीठ भुरभुरवून चतकोर टाकले. तो तिकडून बघत होता. मग त्यानं विचारलं, "इज शी ईटिंग?"

मी सुरूच झाले. वरणभाताला नाही म्हणाली, घावनाला नाही म्हणाली, पराठा उकलून ठेवला, सगळं सांगितलं. त्यानं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, पोरीचं त्याला माहीत आहे, ती अशीच आहे, भूक लागली की खाईल. तो त्याच्या बायकोचं विचारत होता. काळजीत असली की ती जेवण सोडते आणि कुणाला कळूही देत नाही.

"जेवते की," मी म्हणाले. ताबडतोब म्हणाले. माझ्या घरात माझी लेक उपाशी असेल?

फोन ठेवला. चतकोर उलटले, तपकिरी डाग छान पडले होते. आणि मी उभ्या उभ्या आठवायला लागले. काल रात्री तिनं काय खाल्लं? आठवेना. परवा? पोरीला भरवत बसली होती, चहाचा मग हातात होता. त्याच्या आदल्या दिवशी "नंतर घेते" म्हणाली होती. नंतर ताट मीच उचललं होतं, आणि त्यात काय उरलंय तेसुद्धा बघितलं नव्हतं. चार दिवस मी नातीच्या घासावर डोळे लावून बसले होते. माझं पोर समोर बसलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

तेवढ्यात दोघी आल्या. नात चपला काढून सरळ स्वयंपाकघरात आली. तिनं ताटलीत बघितलं, चार चतकोर, वर वितळणारं लोणी. खायला काही बसली नाही. "डॅडी इज हिअर!" असं ओरडून ती आत पळाली. आधी बेडरूम, मग बाथरूम, मग बाल्कनी. दारं उघडल्याचे आवाज येत होते.

लेक माझ्याकडे बघत उभी राहिली. "फोन केलास."

"केला."

"काय म्हणालीस त्याला?"

"काही नाही. भांडायला केला होता, जमलं नाही. भाकरी शिकले."

"आणि तो?"

"तू जेवतेस का, ते विचारत होता."

ती खुर्चीची पाठ धरून थांबली. मग हलक्या आवाजात तिनं विचारलं, "तू काय सांगितलंस?"

"जेवते म्हणाले." माझा आवाज फुटला. "माझं लक्षच नव्हतं गं तुझ्याकडे. मला माहीतच नव्हतं." आणि मी रडले, तिच्यासमोरच, हाताला पीठ असतानाच.

तिनं मला जवळबिवळ घेतलं नाही. खुर्ची ओढून बसली आणि एक चतकोर उचलला. खाल्ला. दुसरा उचलला. नात बाहेर आली, "ही इज नॉट हिअर," एवढंच म्हणाली आणि आईच्या मांडीवर चढली. लेकीनं तिला तुकडा मोडून दिला. दोघी खात राहिल्या. तिसरा संपल्यावर लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला कळव, आज जेवले म्हणून."

"मी नाही कळवणार," मी म्हटलं. "माझं एकदा खोटं सांगून झालंय. आता खरं काय ते तूच सांग." आणि फोन तिच्यापुढे सरकवला.