शेजारणीचे कपडे

कानाशी मशीन फिरत असताना मान हलवू नये, हे मला पन्नाशीत तरी कळायला हवं होतं. पण अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातला नवा म्हातारा न्हावी म्हणाला, "मी दक्षिण स्पेनच्या एका खेड्यातला," आणि मी आनंदाने जोरात मान हलवली. डावा कल्ला अर्धा गेला.

रिटायर झाल्यावर त्याच भागात राहायचं आमचं ठरलं होतं. टेकडीवर, ऑलिव्हच्या बागेत, आसपास कुणीही नसलेलं एक घर मी पसंत केलं होतं आणि संध्याकाळी एजंटला होकार कळवणार होतो. फोनवर घराचा फोटो दाखवल्यावर न्हाव्याने कंगवा दातांत धरला, फोटो बोटांनी मोठा केला आणि घर सोडून भलतीकडेच बघत बसला.

"काय शोधताय?"

"शेजारणीचे वाळत घातलेले कपडे," कंगवा काढून तो म्हणाला. "दोन दिवस तुमची दोरी रिकामी दिसली, की ती दार वाजवायला येते. ही झाडं येणार नाहीत."

मग अगदी शांतपणे त्याने उजवा कल्लाही अर्धा केला.

घरी आल्याबरोबर मी बायकोला म्हटलं, "टेकडी कॅन्सल. गावातच घर बघू," आणि न्हाव्याचं बोलणं ऐकवलं.

ती माझ्या कल्ल्यांकडे बघत म्हणाली, "इथे कॉलनीवाले बाहेर दोरी बांधू देत नाहीत म्हणून वीस वर्षं बेसमेंटमध्ये कपडे वाळत घालतेय मी; माझी दोरी कुणाला दिसणार? टेकडी नको म्हणून वर्षभर सांगत होते, तेव्हा नाही हलली ती मान."